शक्तिमानला हवा एसी!

‘शक्तिमान’ म्हटलं, की आपल्या पिढीला दूरदर्शनवर गरगर फिरणारा मुकेश खन्ना आठवतो. माझ्या मामाला आठवतो ट्रक. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला, सैन्याने कित्येक दशकं दामटलेला. 1996 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. लिलावातून बाहेर पडलेला असाच एक शक्तिमान मामा वाशिम जिल्ह्यात, कारंजा-मानोरा भागात आजही चालवतो. पावसात काळ्या मातीचा चिखल झाला, की बाकीच्या गाड्या रुततात. हा चारही चाकांवर जोर लावून हत्तीसारखा निघून येतो. सॉलिड गाडी आहे बॉस! लोचा एकच. मे महिन्यात केबिनमध्ये बसवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात खताची खेप नेताना मामाला स्टिअरिंगवरच चक्कर आली. गाडी कडेला घेता आली, म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी गाडी चालवू नका. पण पेरणीच्या तोंडावर खत-बियाणं संध्याकाळची वाट थोडीच बघतं? मग आम्ही मामे-आतेभावंडांनी काँट्री काढली आणि जाहीर केलं, गाडीला एसी बसवायचा. मामा म्हणाला, “मले कायले पायजे एसी? म्या काय कलेक्टर हाओ?”

मामाचा हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण आपल्याकडे एसीचं गणितच असं आहे. ऑफिसमधला सगळ्यात गार कोपरा कुठला? सर्व्हर रूम. मशीन तापलं की बंद पडतं, त्यामुळे तिथे कुणी ‘लाड’ म्हणत नाही. सैन्याच्या टी-90 रणगाड्यांचे थर्मल कॅमेरे राजस्थानच्या उन्हात दगा द्यायला लागले, तेव्हा रणगाड्यांना एसी हवा, अशी मागणी पुढे आली. माणूस मात्र तापला तरी चालत राहतो, म्हणून त्याचा नंबर शेवटी. त्यातून ड्रायव्हर असेल तर विचारूच नका. खिडकी उघडी आहे ना, मग झालं! पण बाहेर 43 अंश असताना खिडकीतून येतो तो वारा नसतो, हेअर ड्रायर असतो. घाम येतोय तोवर शरीर तग धरतं. पाणी कमी पडलं, की खेळ खल्लास.

आता मूळ मुद्दा. जुन्या लष्करी ट्रकला एसी बसवणं म्हणजे शोरूममध्ये जाऊन बिल फाडणं नव्हे. अकोल्याच्या मिस्त्रीने केबिनभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “भाऊ, एसीचं मंग पाहू. पयले हे चाळणी बंद करा.” एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची उष्णता तेवढ्याच वेगाने आत येत असेल, तर तो बिचारा काय करणार? आमच्या ट्रकच्या टपावर ताडपत्री होती. क्लच-ब्रेकच्या दांड्यांभोवती, गिअरच्या खाली बोट जाईल एवढी भोकं होती आणि पुढे भट्टीसारखं इंजिन.

म्हणून आधी ताडपत्रीच्या जागी पत्र्याचं टप आलं, त्याला आतून जाड अस्तर, वरून पांढरा रंग. इंजिनाकडच्या पत्र्यालाही अस्तर. दारांना रबर, दांड्यांना चामड्याचे गळपट्टे. नुसत्या एवढ्यानेच पायाखालची धग कमी झाली!

टपावरचा विजेवर चालणारा एसी घ्यायचा विचार होता. पण हजार वॉटचं यंत्र 24 व्होल्टवर चाळीसेक अँपिअर ओढतं. म्हाताऱ्या गाडीला ते झेपणारं नव्हतं. म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर घेतला. उष्णता बाहेर टाकणारी जाळी रेडिएटरसमोर लावली असती तर इंजिनच तापलं असतं. ती केबिनच्या मागे गेली, स्वतःच्या पंख्यासकट. पंखे मुद्दाम 24 व्होल्टचेच घेतले, कारमधले 12 व्होल्टचे इथे जळाले असते. आत काही मॉलसारखं कूल होत नाही. पण डोकं ठिकाणावर राहतं आणि ड्रायव्हरला तेवढंच लागतं.

सरकारलाही हे पटलंय. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने अधिसूचना काढली. 2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. नियम झकास आहे, पण नव्या गाड्यांपुरता. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातूनच जातो. त्यावर आणि गावोगावच्या रस्त्यांवर जुन्या ट्रकांत बसलेल्यांना हा नियम लागू नाही. आपल्या ऑनलाइन शॉपिंगची खोकी यातलेच काही जण आणतात. त्यांच्या मालकांना कुणीतरी सांगायला हवं, की निदान अस्तर आणि रबर तरी लावा. त्याला कायदा लागत नाही.

मामाच्या ट्रकमध्ये आता भर दुपारी माल उतरवून झाला, की हमाल पोरं पाणी प्यायला केबिनमध्येच येऊन बसतात. एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, डिझेल जळतं. एरवी थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा मामा तेव्हा मात्र काही बोलत नाही.