वारा ओढणारा विस्तव

चैत्र-वैशाखात आमच्याकडे राब भाजतात. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतालच्या गावांत भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण, वाळक्या डहाळ्या पसरायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचं. आजा हे काम भल्या सकाळी उरकायचा, वारा उठायच्या आत. आग लावायची तीही वारा ज्या बाजूला जातो त्या टोकाला. मग ती वाऱ्याच्या तोंडावर सावकाश सरकते, जमीन नीट भाजते आणि जाळ रानात पळत नाही. मला वेगळीच नवलाई वाटायची. राख सरळ वर चढायची आणि बांधावरची सुटी पानं आगीपासून लांब जायचं सोडून आगीकडेच सरकायची. झाडाचं पानही हलत नसे, तरी. विचारलं की आजा म्हणायचा, "इस्तू वारा वढतो."

पुढे राजूरला शाळेत गेले तेव्हा पुस्तकाने याची कारणं दिली. हवा तापली की पसरते, विरळ होते, हलकी होऊन वर जाते. तिथला हवेचा दाब उतरतो. मग शेजारची गार आणि जड हवा, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, ती तूट भरायला धावते. आडवी वाहणारी ही हवा म्हणजे वारा. हवा जड असते हे मुलांना पटत नाही, म्हणून मी आकडा सांगते. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या जवळपास भरते. म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या वर्गखोलीतली हवा दीड-दोनशे किलोची. एवढं वजन जागचं हललं की कौलं उडणारच.

दिवाळीनंतर खळ्यावर भात उपणायला आई वाऱ्याची वाट बघत बसायची. सकाळी वारा पडलेला असे. ऊन डोंगराच्या अंगावर चढलं की जलाशयाकडून झुळूक सुरू व्हायची, आणि सूप उंच धरून आई दाणे सोडायची. दाणे पायाशी पडायचे, फोलपट लांब. डोंगराचा खडक आणि माती लवकर तापतात, पाणी उशिरा तापतं. म्हणून दिवसा पाण्यावरची गार हवा उताराकडे चढते. रात्री उतार आधी गार होतात, तिथली हवा जड होऊन दरीत उतरते. डिसेंबरात जलाशयाकाठी तंबू ठोकणारे पर्यटक पहाटे कुडकुडतात, ते या उतरत्या हवेमुळे. समुद्रकाठच्या मुलांना हेच खारे आणि मतलई वारे म्हणून ठाऊक असतं.

आता हा राब केवढा मोठा होऊ शकतो ते बघा. मे महिन्यात राजस्थान, सिंध, पंजाबची जमीन भाजून निघते. तिथे दाब उतरतो आणि हिंदी महासागरावरची जड हवा पार विषुववृत्त ओलांडून इकडे ओढली जाते. ती सरळ उत्तरेला जात नाही, कारण खाली पृथ्वी फिरते आहे. उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे वळतो. दक्षिणेकडून निघालेला हा वारा वळत वळत आपल्याकडे नैऋत्येकडून पोचतो. पृथ्वीच्या फिरण्याचा आणि वाऱ्याच्या दिशेचा हा संबंध १७३५ साली जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने मांडला. त्याच्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या. पण पेशाने वकील असलेल्या माणसाला वारा एवढा छळत होता, हे मला फार आवडतं.

हा वारा कोकण पार करून सह्याद्रीला धडकतो ती जागा आमच्या घाटघरला आहे. कोकणकड्याच्या टोकावर पावसाळ्यात उभं राहिलं की पायाखालच्या खोल दरीतून हवा सरळ वर येते. पुढे जायला वाट नाही, मागून रेटा आहे, तेव्हा ती कड्याला धरून चढते आणि कधी कधी इतक्या जोराने, की खाली पडणारं पाणी तुषार होऊन उलटं माथ्यावर येतं. रतनगडाच्या नेढ्यात त्याच वाऱ्याचं दुसरं रूप. डोंगरमाथ्यावरच्या खडकाला आरपार भोक आहे. रुंद झोत त्या अरुंद वाटेत कोंबला जातो आणि वेग वाढतो. तिथे बसून मी पोरांच्या टोप्या उडताना पाहिल्या आहेत.

चढणारी हवा पसरते आणि गार होते, दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने. गार हवेत बाष्प मावत नाही, त्याचे ढग होतात आणि पाऊस कोसळतो. म्हणून घाटघर-रतनवाडीला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि सरळ रेषेत साठेक किलोमीटरवरच्या संगमनेरला जेमतेम चार-पाचशे. माथा ओलांडून खाली उतरताना हवा पुन्हा तापते आणि कोरडी पडते. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे निघाले आणि वाऱ्याने डोंगरात टाकून दिलेलं पाणी खालच्या कोरड्या रानाला मिळालं. या धरणाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. ते ज्याच्यामुळे भरतं त्या वाऱ्याबद्दल आमच्या तालुक्यातल्या मुलांनाही कोणी धड सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. परीक्षेत ती व्याख्या अचूक लिहितात, पण कड्यावर नेऊन हा वारा कुठून निघाला विचारलं की गप्प होतात. चूक त्यांची नाही. त्यांच्या घरी राब भाजतात, खळ्यावर उपणणी होते. वारा त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. ते आणि पुस्तक यांची गाठ घालून देणं एवढंच शिक्षकाचं काम, आणि तेच राहून जातं.

म्हणून शिक्षकांना विनंती, फळ्यावर बाण काढायच्या आधी एक उदबत्ती लावा. बाहेर गारवा असताना मुलांनी भरलेल्या, उबदार वर्गाचं दार थोडं उघडा आणि ती आधी दाराच्या वरच्या फटीशी, मग खाली उंबऱ्याशी धरा. वर धूर बाहेर जाईल, खाली आत येईल. कारण मुलांना शोधू द्या. जमलं तर पावसाळ्यात त्यांना घाटघरला आणा, आणि कड्याच्या कडेपासून चांगलं मागे उभं करा. तिथला झोत मोठ्या माणसालाही ढळवतो.