दांडी सूर खाते

आमच्या जतच्या बाजारात 'जवारी' म्हणजे गावरान. जवारी कोंबडी, जवारी लसूण. कानडीच्या शेजाराने आलेला शब्द. मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत मात्र 'जवारी' म्हटलं की कारागिराची नजर थेट तंबोऱ्याच्या घोडीवर जाते. मी माझी बेस गिटार घेऊन तिथल्या एका दुकानाची पायरी चढलो, तेव्हा त्या वयस्क कारागिराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "भोपळा कुठं ठेवलासा?"

माझ्या गिटारीला पडदे नाहीत. सारंगीसारखी बोटं सरकवायची आणि कानाच्या भरवशावर थांबायचं. मोठं दुखणं एकच. सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या पडद्याची जागा असती तिथे, 'सी' दाबला की ढप्प! अलीकडचे-पलीकडचे सूर लांबवर घुमतात, हा कोरड्या विहिरीत ढेकूळ पडावं तसा विझतो. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने नव्या तारा चढवल्या, पैसे घेतले आणि दोष माझ्या बोटाला दिला.

दोष बोटाचा नव्हता. लाकडाच्या दांडीचीही स्वतःची कंपनं असतात. तारेचा सूर त्यातल्या एखाद्याशी जुळला, की दांडी डोलू लागते आणि तारेची शक्ती गिळून टाकते. 'सी' सेकंदाला सुमारे 131 कंपनांचा. माझ्या दांडीला नेमकी तीच भूक.

मिरजेला गेलो ते हट्टानेच. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी इथे तंबोरे घडवू लागली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीचा माथा कानशीने इतका अलगद उतरता करायचा की थरथरती तार त्याला चाटत राहील, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा गाठायची, ही जवारी. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जे स्वरांश दबायला हवेत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे चंद्रशेखर रामन यांनी 1921 मध्ये मांडलं. बिनपडद्याच्या बेसची ती ओली, गुरगुरती आससुद्धा तार लाकडाला चाटते म्हणूनच येते. बेसवादक जाको पास्टोरियसने आपल्या बिनपडद्याच्या गिटारीच्या लाकडावर होड्यांना लावतात तसलं इपॉक्सी फासलं, त्यानेही या आसेला धार आली. त्याला मिरजेत आणलं असतं तर दोन्हीकडची करमणूक झाली असती.

म्हाताऱ्याने दांडीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला. वर एक बारीक उंचवटा सापडला. जतच्या कोरड्या हवेत लाकूड हललं असावं. तो घासल्यावर वरच्या दोन सुरांची खरखर गेली. 'सी' तसाच मुका. मग त्याने खुंट्यांच्या टोकाला सुताराचा छोटा शिकंजा आवळला. "वाजवा." 'सी' उमलला! मी हरखलो, तोवर त्याने बोट खाली सरकवायला सांगितलं. 'बी'च्या अलीकडे तेच ढप्प. वजनाने दांडी जड झाली, तिची भूक खालच्या सुरावर गेली. पडदे असते तर ही जागा दोन पडद्यांच्या मध्ये दडवता आली असती. इथे दडवायला मध्य नावाची जागाच नाही. बोट वाटेत सगळीकडून जातं.

परत येताना एसटीत आठवण झाली ती यल्लम्माच्या जत्रेतल्या चौंडक्याची. काखेत दाबलेलं, एका हाताने तात ओढायची, दुसऱ्याने छेडायची. त्याला दांडीच नाही, त्यामुळे सूर गिळायला कोणी नाही. जोगत्याची ओढ सैल पडली तर तेवढी पडेल.

शिकंजा मी काढून टाकला. आता तो 'सी' शेजारच्या जाड तारेवर, दहाव्या जागी घेतो. तिथे दांडी तेवढी डोलत नाही, म्हणून तो चांगला घुमतो.