ठळक, तिरपं आणि बोरूचं वळण

गिऱ्हाईक बहुधा अमेरिकन कलावंत बार्बरा क्रुगरची चित्रं घेऊन येतं. लाल पट्टी, त्यावर पांढरी, जाडजूड, उजवीकडे झुकलेली अक्षरं. तो टाइप म्हणजे फ्युचुरा बोल्ड ऑब्लिक. पॉल रेनरची फ्युचुरा १९२७ साली जर्मनीत बाजारात आली, आणि तिच्या तिरप्या रूपातला जोर आजही कमी झालेला नाही. ‘असंच मराठीत करून द्या,’ म्हणतं. मलाही ते करायला मनापासून आवडतं.

गेल्या वर्षी असा एक टाइप आखायला घेतला. चाचणीला शब्द निवडला ‘ठळक’. उभा असताना तो छान जमला होता. संगणकावर बारा अंशांनी झुकवला आणि ठ हातातून गेला.

ठचं वर्तुळ झुकवलं की ते नुसतं कलत नाही, ताणलं जातं. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रेघ फुगते. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे ती रोडावते. रोमन ओ या अक्षराचंही हेच होतं. पण रुंद टोकाच्या रोमन लेखणीची जाड रेघ मुळात वर डावीकडून खाली उजवीकडे उतरते, त्यामुळे फुगवटा निदान सवयीच्या जागी येतो. आपला बोरू उलट तासलेला. त्याची जाड रेघ खाली डावीकडून वर उजवीकडे चढते. म्हणजे ठचं वजन जिथे हवं तिथून संगणक ते काढून घेतो आणि नको तिथे ठेवतो. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असल्या, तरी पिढ्यान्‌पिढ्या बोरूचं अक्षर वाचलेल्या डोळ्याला हे खुपतं. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही. अक्षर परकं वाटतं, एवढंच.

शिरोरेघ तर आडवीच राहते. काने झुकतात, ती हलत नाही. काना आणि शिरोरेघ सारख्याच जाड ठेवल्या तर ओळीच्या डोक्यावर काळा पट्टा बसतो, म्हणून शिरोरेघ थोडी बारीक करावी लागते आणि तिची टोकं कान्याच्याच कलानं छाटावी लागतात.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांची नावं आखली ती प्रत्येक शब्दाचा स्वभाव पाहून. टाइप आखणाऱ्याला ती मोकळीक नाही. त्याचा ठ ‘ठिणगी’तही चालला पाहिजे आणि ‘पाठ’मध्येही. तरीही शेडग्यांची शीर्षकं पुन्हा पुन्हा पाहावीत, असं मी शिकाऊ मुलांना सांगतो. झुकलेलं अक्षर तोल कसा सांभाळतं, ते तिथे दिसतं.

शेवटी कल नऊ अंशांवर आणला. ठचं वर्तुळ पुसून हातानं नव्यानं काढलं, वजन परत वर डावीकडे नेलं. ळ सगळ्यात अवघड गेला. त्याच्या दोन पोटांमधली जागा छपाईत शाईनं भरून जात होती, म्हणून मधला सांधा आतून खरवडून बारीक केला. मग मोठा कागद छापून समोरच्या भिंतीला लावला आणि रस्त्यापलीकडून पाहिला. शब्द धावत होता, आणि तो मराठी होता.