चंद्रावर माणूस गेलता का? शंका घ्या, पण उगवण तपासून

ताडकळसला चहाच्या टपरीवर वाद रंगला. पोरं म्हणतात, १९६९ ला अमेरिकेनं चंद्रावर उतरायचं नाटक केलं. हवा नाही, मग झेंडा फडकला कसा? फोटोत चांदण्या का नाहीत?

झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, अन् दिसतात त्या घडीच्या सुरकुत्या. चांदण्यांचं म्हणाल तर रात्री ट्रॅक्टरच्या लाईटात उभ्या माणसाचा मोबाईलवर फोटो काढा. मागं चांदण्या येतात का बघा. तिथं तर जमिनीवर लख्ख ऊन होतं.

अन् अमेरिकेचं सोडा. आपल्या इस्रोनं २०१९ ला सोडलेल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानं अपोलो ११ चा तिथंच राहिलेला खालचा भाग टिपलाय.

सोयाबीन पेरताना आपण लेबलवर जात नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो, ७० उगवले की पेरतो. शंका अशी असावी. उगवलेलं डोळ्यानं दिसूनही बोगसच म्हणत बसलं, तर वाफसा निघून जातो. उपग्रह खोटा म्हणणारा उद्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्लाही वाचत नाही, अन् फवारणी पावसात धुऊन जाते.

तुमच्या गावात काय म्हणतात, सांगा.