कालवणाच्या मुलखातून कालवांच्या किनाऱ्यावर

आमच्याकडे पातळ भाजी असो, डाळ असो की मटणाचा रस्सा, भाकरी ज्यात कुस्करून खायची ते सगळे कालवण. म्हणून मे २०२५ मध्ये रत्नागिरीला आमच्या मेहुण्यांच्या शेजारच्या बाईंनी "कालवं खानार काय आये?" असे विचारले, तेव्हा आमच्या मातोश्री सरळ म्हणाल्या, "खाऊ की! कशाचं केलंय?" त्या बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मग आत जाऊन त्यांनी वाटीत काहीतरी आणून दाखविले. करड्या रंगाचे, मऊ, ओलसर गोळे. हीच ती कालवे. खडकाला चिकटलेल्या शिंपल्यात राहणारा जीव. आमच्या मातोश्रींनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि विचारले, "बाई, हे ऱ्हातंय कुठं?"

या एका प्रश्नामुळे आमची चार दिवसांची सहल निराळीच झाली. नाहीतर आम्ही किल्ला, बंदर, थिबा राजाचा राजवाडा पाहून परतलो असतो.

वास्तविक धाराशिवहून रत्नागिरी गाठणे अवघड नाही. आमच्या तुळजापूरवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करीत आंबा घाट उतरतो आणि समुद्रापाशीच संपतो. अंतर चारशे किलोमीटरच्या वर. एस.टी.ने जाणाऱ्याचे अंग मोडून येते, एवढेच. मेहुणे तेथे नोकरीला असल्यामुळे मुक्कामाचा खर्च नव्हता आणि रजा शिल्लक होती. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमा. वंदना, खीरदान तिकडच्या बंधू-भगिनींसोबत झाले. त्या दिवशी घरात सामिष काही शिजवायचे नाही असा आमच्याकडे नेम. तेव्हा कालवे पाहायला दुसऱ्या दिवशी पहाटे जायचे ठरले.

आता आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. भरती-ओहोटीचे गणित किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असते, ते आम्ही मेहुण्यांकडून लिहून घेतले. तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी वर चढते तेही जास्त आणि मागे हटते तेही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. म्हणजे जी कालवे खडकाच्या खालच्या अंगाला असतात, ती महिन्यातून दोनदाच चांगली उघडी पडतात. प्रतिपदेचा हिशेब करून आम्ही सकाळी पावणेसातची ओहोटी काढली आणि ऐटीत त्या वेळेला भाट्याच्या खाडीवर हजर झालो. बघतो तो बाया टोपल्या डोक्यावर घेऊन परत निघालेल्या! पाणी फिरले होते. त्यातल्या एकीने सांगितले की हे गणित मुंबईकडचे. तिकडे जी वेळ, त्याच्या आधीच इकडे पाणी फिरते. भरतीची लाट या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, हे नंतर आम्हाला कळले. वहीतला हिशेब बरोबर होता, गाव चुकले होते.

बुधवारी साडेपाचलाच निघालो. मातोश्री सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसलेल्या.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते ती ही भाट्याची खाडी. अलीकडे राजिवड्याची मच्छीमार वस्ती, पलीकडे पुलावरून गेले की भाट्याचे सुरूचे बन आणि लांबलचक वाळू. शेजारच्या बाई पुढे, आम्ही मागे. त्यांचे वय पंचावन्नच्या घरात. त्या जवळच्याच एका बौद्धवाडीतल्या. हातात आकडीसारखे लहान लोखंडी हत्यार, कमरेला पिशवी, पायात जुने बूट, कारण कालवांच्या धारेने तळवा चिरतो.

आधी खडक. कालवाची एक शिंप दगडाला अशी पक्की चिकटलेली असते की ती दगडाचाच भाग वाटते. दुसरी शिंप झाकणासारखी. बाई नेमक्या सांध्यावर टोक मारतात, झाकण उडते, आतला गोळा बोटाने डब्यात. एका गोळ्याला एक घाव. तासाभराच्या मोडून पडलेल्या कमरेनंतर डबा अर्धा भरतो. बाजारात कालवे महाग का, असे विचारणाऱ्याने एकदा हे काम पाहावे.

खुल्या समुद्राच्या बाजूला, जेथे लाटा आपटतात त्या खडकांवर शिणाणे राहतात. हिरवट-काळ्या लांबट शिंपा, घोसाने लगडलेल्या. हे कालवासारखे चिकटत नाहीत, स्वतःच्या अंगातून दोरे काढून दगडाला धरून ठेवतात. ओहोटीतही बरेचसे पाण्याखालीच असतात, म्हणून ते काढणे जोखमीचे. खडकाच्या कपारीत खोल पाण्याकडे शेवंड असतो. तो जाळ्यात सापडला की हॉटेलकडे जातो, काढणाऱ्याच्या ताटात सहसा येत नाही.

तिसऱ्यांचे घर वेगळे. खाडीच्या तोंडाशी वाळू आणि चिखल मिसळलेला असतो, तेथे त्या बोटभर खोल गाडून घेतात आणि दोन नळ्या वर काढून पाणी ओढतात. पाणी उतरल्यावर वाळूवर बारीक भोके दिसतात, ती त्यांची खूण. बायकांना भोकेही लागत नाहीत, पायाच्या अंगठ्याने त्या ओळखतात. आमच्या कन्येने अर्ध्या तासात अकरा तिसऱ्या आणि सात दगड गोळा केले. नावे मात्र गावागणिक बदलतात. तिसऱ्या, मुळे, खुबे, शिंपल्या. एकीने मुळा म्हणून दाखविलेले दुसरी वेगळेच काही म्हणून ओळखते, त्यात बाहेरच्याने पडू नये.

आत, कांदळवनाच्या मुळांशी, काळ्या चिखलात मोठ्या चिंबोऱ्यांची बिळे. तेथे पोचल्यावर आमच्या मातोश्री थांबल्या. पंचाहत्तरीची बाई, नातीचा हात सोडून वाकली आणि एका बिळाकडे बोट करून म्हणाली, "ह्यात हाय. त्यात न्हाई." शेजारच्या बाई चमकल्या. त्यांनी आकडी घातली, त्यात होती! कसे ओळखले, म्हणून विचारले तर मातोश्री म्हणाल्या, "तोंडाशी ताजा गाळ हाय की. आमच्या तेरणेला बी असंच असतंय."

वाचकहो, येथे आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मातोश्रींचे माहेर तेरणाकाठचे. पहिला पाऊस पडला की खेकडे बाहेर निघायचे आणि त्या काळी आमच्या वस्तीत हंगामाचे ते फुकटचे कालवण असायचे. नदीतल्या शिंपाही त्यांना माहीत होत्या. शिंप दगडावर घासून भोक पाडायचे आणि तिने कैरी सोलायची. पुढे वडिलांच्या कामासाठी आम्ही शहरात भाड्याच्या खोलीत आलो. आम्ही तेव्हा सातवीत. एका पावसाळ्यात मातोश्रींनी माहेराहून खेकडे आणले, पाट्यावर वाटून रस्सा केला. घरमालकीण दारात येऊन वासावरून बोलली, आमच्या जातीवरून बोलली आणि महिन्याच्या आत खोली खाली करावी लागली. तिचा राग आम्ही कधीच विसरलो. पण दुसरी गोष्ट सोयीने विसरलो होतो. नव्या खोलीत गेल्यावर आम्हीच मातोश्रींना म्हणालो होतो, "आता ते आणत जाऊ नको. पोरं हसतात." त्यांनी काही उत्तर दिले नाही. पुन्हा आणलेही नाहीत. भाट्याच्या चिखलात त्यांनी बोट दाखविले तेव्हा पस्तीसएक वर्षांनी ते वाक्य आमच्या कानात आले.

दोघी तेथेच दगडावर बसल्या. शेजारच्या बाई सांगत होत्या, "आमच्या आजीला गावच्या इहिरीवर लांबनं पानी वाढायचे. पन खाडीवर तिला कुनी अडवलं न्हाय. पोरं ह्याच्यावर जगली." मातोश्री म्हणाल्या, "आमाला बी नदीनंच जगीवलं, बाई." मग नरमादी ओळखण्याची गोष्ट निघाली. पोटाखालची पट्टी अरुंद असेल तर नर, रुंद असेल तर मादी. अंडी धरलेली मादी बाईंनी कधी घेतली नाही. मातोश्री म्हणाल्या, "आमची तर पोटात पिल्लं घिऊन फिरती, ती बी सोडून द्यायची." हे ऐकून बाईंना नवल वाटले, आणि दुसऱ्या दिवशी मत्स्यसंग्रहालयात त्याचा उलगडा झाला. समुद्राची चिंबोरी लाखोंनी अंडी घालते, त्यातून डोळ्यांना न दिसण्याइतके जीव पाण्यात तरंगत जातात, बहुतेक मरतात. गोड्या पाण्यातला खेकडा मोजकी मोठी अंडी देतो, त्यातून तयार खेकडेच निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाच्या पट्टीखाली राहतात. त्यामुळे समुद्रापासून इतकी दूर असूनही आमच्या नदीचे त्यावाचून अडत नाही. पण एक मादी मारली की त्या ओढ्याची पुढची पिढीच जाते.

कालवे-तिसऱ्यांबाबत घरच्या माणसांसाठी काही सांगणे जरूर आहे. हे प्राणी दिवसभरात कित्येक बादल्या पाणी अंगातून गाळतात आणि त्यातच आपले अन्न शोधतात. पाणी चांगले तर यांच्यासारखे पौष्टिक नाही. प्रथिने, लोह, जस्त भरपूर. पाणी घाण तर ती घाणही त्यांच्यात साठते. म्हणून गटाराच्या किंवा कारखान्याच्या तोंडाशी मिळालेले फुकटही घेऊ नये. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीखालच्या दाभोळ खाडीत मासे मरून तरंगतात, ही तेथल्या भोई मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. मासा निदान पळून जाऊ शकतो, खडकाला चिकटलेल्या कालवाने कोठे जावे? तिसऱ्या घेताना उघड्या शिंपेवर टिचकी मारून पाहावी. मिटली नाही तर ती मेलेली, टाकून द्यावी. शिजल्यावर जी उघडत नाही तीही खाऊ नये. काहींना हे अन्न सोसत नाही. आमच्या मेहुण्यांच्या अंगावर दोन तिसऱ्यांत गांधी उठतात, आणि गंमत म्हणजे नोकरीचे गाव त्यांना रत्नागिरीच मिळाले. श्वास जड झाला तर घरगुती उपाय करीत बसू नये, दवाखाना गाठावा.

किती काढावे यालाही बंधन हवे, हे केरळात लोकांनी अनुभवाने शिकले. तेथील अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांसारख्याच शिंपल्यांचा मोठा व्यवसाय आहे. बेसुमार उपशाने उत्पन्न घसरल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ उपसा बंद ठेवण्याचा आणि लहान शिंपल्या निसटून जातील अशी जाळी वापरण्याचा नियम झाला. २०१४ मध्ये त्या व्यवसायाला जबाबदार मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. आमच्या बाईंकडे प्रमाणपत्र नव्हते. पण त्यांनी कन्येच्या अकरापैकी चार तिसऱ्या नखाएवढ्या म्हणून वाळूत परत टाकायला लावल्या. ती रुसली.

दुपारी स्वयंपाक झाला. बाईंनी तिसऱ्यांची एकशिपी केली, म्हणजे एक शिंप काढून टाकायची आणि मांस असलेली दुसरी तशीच ठेवायची. ओले खोबरे, कांदा, आमसूल. तिसऱ्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या, वाळू सुटावी म्हणून. चिंबोरी मात्र मातोश्रींनी मागून घेतली. पिशवीतून येसराची पुडी काढली. ही पुडी त्यांनी धाराशिवहून कशासाठी आणली होती, हे आम्ही विचारले नाही. लसूण, सुके खोबरे, तिखट, आणि वरून येसर. नांगे ठेचून रस त्यातच. बाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "आये, ह्याला काय म्हनतंस तुमच्याकडं?" मातोश्री म्हणाल्या, "कालवण."

परत आल्यावर एका रविवारी आम्ही सगळे तेरला गेलो. तेथील लामतुरे संग्रहालयात शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे व्यापारी शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे, आणि तेथला माल भडोचच्या बंदराला जात असे. येथे बौद्ध स्तूपाचे अवशेषही निघाले आहेत. शंख सौराष्ट्राच्या किंवा तामिळनाडूच्या समुद्राचा. म्हणजे समुद्राचा जीव आमच्या जिल्ह्यात आमच्याही आधी पोचला होता. कन्येने काचेवर नाक टेकवून विचारले, "आजी, हे खात होते का?" मातोश्री म्हणाल्या, "आतलं खाल्लंच असंल कुणीतरी. उगं कोण टाकतंय?"

संग्रहालयातून त्या आम्हाला नदीवर घेऊन गेल्या. पाऊस दोनदा होऊन गेला होता, पात्रात पाय बुडेल इतके पाणी. प्लॅस्टिकही होते. त्या काठावर बसून सांगत होत्या आणि आम्ही पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून दगड उचलत होतो. पुलावरून जाणारे दोघे-तिघे थांबून बघू लागले. आम्ही उचलतच राहिलो. तासाभरात तीन खेकडे मिळाले. तिसऱ्याची पट्टी मातोश्रींनी अंगठ्याने अलगद उचलून पाहिली. आत तांदळाएवढी पिल्ले वळवळत होती. त्यांनी तो कन्येच्या ओंजळीत दिला, कसा धरायचा ते दाखविले, आणि पाण्यात सोडायला लावला.

दोघांचे कालवण होत नाही. तेही सोडून आलो. येत्या मृगात पुन्हा जायचे ठरले आहे, आणि मातोश्रींनी टोपली आतापासूनच धुऊन ठेवली आहे.