फतहुल्लाहचे दोन दरवाजे

परतवाडा मागे पडले की चिखलदऱ्याच्या घाटात सागवान दाटू लागतो. वर पोचल्यावर बहुतेकांच्या गाड्या पॉइंटांकडे पळतात. आम्ही गाविलगडाकडे वळलो. दिल्ली दरवाजावर मान वर केली तर दगडात कोरलेले सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड. विजयनगरच्या मुलुखातला हा पक्षी बहमनी किल्ल्यावर कसा?

इतिहासकार फिरिश्त्याच्या तवारिखेत त्याचे उत्तर सापडते. विजयनगरकडचा एक हिंदू मुलगा लढाईत पकडला गेला, वऱ्हाडचा सरदार खान-ए-जहान याच्या पदरी मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे वऱ्हाडचाच सुभेदार झाला. तो फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क. गाविलगडाची डागडुजी त्याची. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला, राजधानी अचलपूर.

त्या काळी बहमनी दरबार दखनी आणि आफाकी अशा दोन तटांत फाटला होता. दखनी बहुतेक सुन्नी, इराणकडून आलेल्या आफाकींत शिया पुष्कळ. जहागिरीचे भांडण पंथाचे कपडे घालून रस्त्यावर यायचे. १४८१ मध्ये महमूद गवानसारखा वजीर त्यातच मारला गेला. १५०२ च्या सुमारास विजापूरच्या युसुफ आदिलशहाने मशिदीतला शुक्रवारचा खुतबा शिया पद्धतीने पढवला. बिदरचा बरीद, अहमदनगरचा मलिक अहमद आणि गोवळकोंड्याचा कुतुब-उल-मुल्क त्याच्यावर चालून गेले. युसुफ पळून आला तो वऱ्हाडात.

फतहुल्लाह सुन्नी. तरी त्याने पाहुण्याला धरून दिले नाही. तूर्त सुन्नी खुतबा सुरू कर आणि बऱ्हाणपूरला जा, असा सल्ला दिला. इकडे मलिक अहमद आणि कुतुब-उल-मुल्क यांना लिहिले: बरीदला धर्माचे काही पडलेले नाही, त्याला विजापूर हवे आहे. दोघेही सैन्य घेऊन घरी गेले. हे औदार्य होते असे मला वाटत नाही. विजापूर गिळलेला बरीद उद्या वऱ्हाडावर आला असता. पण हिशेबी माणसाने टाळलेली कत्तलही टळलेलीच असते. 

अकोटमार्गे शहानूरला आलो. नरनाळा किल्ल्याची वाट व्याघ्रप्रकल्पातून जाते, त्यामुळे आधी वनखात्याच्या नाक्यावर नोंद. वरचा महाकाली दरवाजा फतहुल्लाहच्याच काळातला, १४८७ चा. पांढुरक्या दगडावर अरबी अक्षरांच्या ओळी, कमळे आणि बाजूंना नाजूक सज्जे. देवीचे नाव आणि कुराणाची लिपी एकाच चौकटीत. इथल्या माणसांना त्यात काही वावगे वाटत नाही.

१५७४ मध्ये नरनाळा पडला, फतहुल्लाहची इमादशाही अहमदनगरच्या निजामशाहीत गेली. जिंकणारा मुर्तजा निजामशहा हा फतहुल्लाहने पत्र लिहून परत फिरवलेल्या मलिक अहमदचा पणतू. त्या घराण्याचा मूळपुरुषही विजयनगरच्या लढाईत पकडलेला, पाथरीच्या ब्राह्मण कुळातला म्हणतात.