हृदयाची खतावणी

वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत हृदय या अवयवाशी माझा संबंध सिनेमातली गाणी आणि लग्नाआधी लिहिलेली दोन पत्रं (पैकी एक न उघडता परत आलं) एवढाच होता. बाकी सगळा व्यवहार पोटाशी. पण गेल्या श्रावणात माजिवडा नाक्यावर स्टेशनची बस पकडायला धावलो आणि बस मिळाली, श्वास मात्र उड्डाणपुलाखालीच राहिला. कंडक्टरनं "काका, कुठं?" विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. नुसतं बोट वर केलं. त्याला वाटलं एक तिकीट. माझा इशारा जरा वरच्या दिशेचा होता.

रात्री घरी सांगितलं. सौ. भाकरी थापता थापता थांबली. "अहो, मामंजींचं वय किती होतं हो?" असं विचारून तिनं जीभ चावली.

बाबा 47 व्या वर्षी गेले. ऑफिसातून येताना, डोंबिवलीच्या पुलावर. मी तेव्हा एफवाय बीकॉमला होतो. येत्या मार्गशीर्षात मला 47 पूर्ण होणार. एवढी वजाबाकी कॉमर्सच्या माणसाला जमते.

दुसऱ्या दिवशी सौ.नं वरच्या मजल्यावरच्या वकिलांच्या मुलीला खाली बोलावलं. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. डॉक्टरकडे जायला मी तयार नव्हतो, पण थालीपीठ खात कुणी शास्त्र सांगत असेल तर माझी हरकत नसते.

"काका, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच पुस्तक असतं. जीन्स साधारण वीस हजार. नखाच्या पेशीत तेच, हृदयाच्या पेशीत तेच. फक्त कुठली पानं उघडायची हे वेगळं."

हे मला ताबडतोब समजलं. हेड ऑफिसच्या सर्क्युलरांची फाईल प्रत्येक शाखेत एकच असते. गावची शाखा पीककर्जाचं पान उघडते, आमची शाखा घरकर्जाचं. आणि कुठलं पान उघडायचं हे ठरवायला साहेब असतो. हृदयातही असे साहेब असतात म्हणे, ठराविक प्रोटिनं. शिवाय डीएनएच्या धाग्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटवलेल्या असतात: हे बंद, हे चालू. वय वाढलं की या खुणा सरकतात. काही गळून पडतात, काही भलत्याच पानाला चिकटतात. मग मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे शक्ती तयार करणारी पानं कमी उघडली जातात आणि कोलॅजनचे चिवट धागे विणणारी, दाह वाढवणारी पानं जास्त. भिंत ताठर होत जाते. थोडक्यात, वसुली मंद आणि स्टेशनरीची खरेदी जोरात.

पुढची गोष्ट मला फारच आवडली. हृदयावर ताण आला की ते आईच्या पोटात असतानाची, जन्मानंतर जवळजवळ मिटून ठेवलेली पानं पुन्हा उघडतं. त्यातल्याच एकापासून तयार होणारं बीएनपी नावाचं द्रव्य डॉक्टर रक्तात मोजतात आणि हृदय किती दमलंय त्याचा अंदाज घेतात. आमच्याकडे सिस्टिम डाऊन झाली की हेडक्लार्क रेकॉर्ड रूममधून 2001 सालचं लेजर काढून आणतात, त्यातलाच हा प्रकार. काम भागतं. पण लेजर बाहेर दिसलं की समजावं, आत काहीतरी बंद पडलंय.

"नव्या पेशींची भरती होत नाही का गं?" मी विचारलं.

"होते ना. पंचविशीत वर्षाला एक टक्का. पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी."

एक टक्का! बचत खात्यालासुद्धा याहून बरं व्याज मिळतं. हा हिशेब स्टॉकहोमच्या मंडळींनी 2009 साली लावला. 1963 च्या करारापर्यंत जगानं उघड्यावर अणुस्फोट केले, त्यातून हवेत जादा किरणोत्सारी कार्बन आला. तो झाडांत गेला, अन्नात गेला आणि प्रत्येक नव्या पेशीच्या डीएनएवर तारखेच्या रबरी शिक्क्यासारखा उमटला. शिक्के वाचले तर निघालं की जन्मभरात हृदयाच्या निम्म्याही पेशी बदलत नाहीत. म्हणजे माझ्या हृदयातला बहुतेक स्टाफ शाखा उघडल्या दिवसापासूनचा. बदली नाही, बढती नाही, रोजचे लाखभर ठोके, आणि एक दिवसाचा संप नाही! युनियनला हे कळता कामा नये.

मग मी, सहज विचारल्यासारखं, बाबांचं विचारलं.

पोरगी जरा गप्प झाली. म्हणाली, हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्येच दाखवलं, की भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांच्या एका जीनमधली 25 अक्षरं गळालेली असतात. तो जीन हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन बनवणारा. तरुणपणी पेशी ते बिघडलेलं प्रोटीन झाडून टाकते. वय झालं की झाडू मंदावतो. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, आणि पुढच्या अभ्यासांत संशय तिच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या एका बदलावर जास्त गेलाय.

तीनशे कोटी अक्षरांत पंचवीस! आमच्याकडे एवढ्या चुकीला मेमोसुद्धा मिळत नाही.

"पण आजोबांचं काय होतं ते आता कोण सांगणार, काका? तुमचं सांगता येईल. तपासून घ्या."

रात्री आईला फोन केला. "बाबांना जिना चढताना दम लागायचा का गं?"

"लागायचा की," आई म्हणाली. "म्हणायचे, गर्दी फार वाढलीय."

मी तीनदा ठरवून तीनदा रद्द केलेली तपासणी त्या आठवड्यात झाली. पट्ट्यावर चालवणाऱ्या मुलानं 220 वजा वय करायला कॅलक्युलेटर काढला. मी तोंडी 174 सांगितलं. तेवढाच माझा त्या खोलीतला मान. बाहेर सौ. पर्स घट्ट धरून बसली होती. डॉक्टरांनी इको पाहिला. स्नायू जाड नाही. फक्त भिंती सैल पडायला थोडा वेळ घेतात, वयाला धरून आहे. मीठ कमी करा, चाला. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेत डॅलसला 2018 साली पन्नाशीच्या आसपासच्या बैठ्या लोकांना दोन वर्षं नियमित व्यायाम करायला लावला, तर त्यांच्या हृदयाचा ताठरपणा कमी झाला. बैठ्या लोकांत बँकवाले होते का, हे मी विचारलं नाही.

आता रोज सकाळी उपवन तलावाकाठी आम्ही दोघं चालतो. ती पुढे, मी मागे. लग्नापासून हीच पद्धत आहे. परवा नाक्यावर बस सुटत होती. त्याच कंडक्टरनं मला ओळखलं, घंटी मारून बस थांबवली आणि ओरडला, "काका, पळा!" मी आपला मेट्रोच्या खांबाच्या कडेकडेनं चालतच गेलो. आतले लोक काय काय म्हणाले ते सगळं ऐकू आलं. चढून त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "स्टेशन, एक."